बसल्या जागेची खाज

गुडघा दुखला की माणूस सोसायटीभर सांगतो, पित्तावर तर लग्नाच्या पंगतीतही बोलतो. पण गुदद्वाराला खाज सुटली की तोच मौनव्रत धरतो. मग उपचारही गुपचूप. ‘आपणच नीट धूत नसू’ असा निकाल तो स्वतःविरुद्ध देतो आणि शिक्षा म्हणून साबण, अँटिसेप्टिक, कढत पाणी असं सगळं त्या जागेवर चालवतो. माझं म्हणणं एवढंच की ही हट्टी खाज पुष्कळदा या स्वच्छतेवरच पोसली जाते. तिथली कातडी नाजूक. साबणाने तिचा तेलकटपणा जातो, ती भेगाळते, खाजते, आणि झोपेत नखं लागली की सोलवटून दुप्पट खाजते. सुगंधी ओल्या वाइप्सही निर्दोष नाहीत. त्या टिकाव्यात म्हणून बऱ्याच कंपन्या वापरत आलेल्या मेथिलआयसोथायझोलिनोनला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली ‘वर्षाचा ॲलर्जन’ हा किताब बहाल केला होता.

‘पण आम्ही पाणी वापरतो, हे कागदवाल्यांचे रोग!’ असं कुणी छाती काढून म्हणेल. पाणी उत्तमच, घोटाळा त्यानंतरचा. ओल्यावरच चड्डी चढवायची, वर सिंथेटिक पँट आणि विरार लोकल. कातडी दिवसभर भिजत पडते. मऊ सुती कापडाने टिपावं, घासू नये, आणि वर झिंक ऑक्साइडचं साधं मलम. आजीचा आक्षेप जंतांचा. तिला मान द्यावाच लागतो, कारण सूतकृमीची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते. ती घरभर पसरतात, म्हणून जंत झालेल्या मुलाबरोबर घरातल्या सगळ्यांना औषध देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. तिखटावरचा आरोपही खोटा नाही, पण कॉफी, चहा, टोमॅटो यांनाही चौकशीला बोलवावं, आणि एकेकालाच. सगळं एकदम सोडलं तर आरोपी सापडत नाही, मिसळ मात्र विनाकारण सुटते. सर्वांत घातक सल्ला मेडिकलवाल्याचा: स्टेरॉइड, बुरशीनाशक, अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये. दोन दिवस स्वर्ग. महिनोन्महिने चोळली तर कातडी पातळ आणि बुरशी शिरजोर.

‘दुखणं मोठं असलं तर?’ हा आक्षेप मात्र बिनशर्त मान्य. रक्त, गाठ, किंवा काही आठवडे हटत नसलेली खाज असेल तर डॉक्टर गाठावा. तिथे ‘एका मित्राला होतंय’ म्हणून भागत नाही; टेबलावर मित्राला झोपवता येत नाही.