निघाला की...

आमच्या घराण्याचं सगळं कर्ज दोन शब्दांवर उभं राहिलं: ‘निघाला की’. बाबा म्हणायचे, ‘‘कापूस निघाला की देतो.’’ दारव्ह्याचा किराणावाला असो, शिंपी असो, नाहीतर बैलजोडी विकणारा, उत्तर एकच. ऐकणाराही मान डोलवायचा, कारण त्याची स्वतःची उधारीही कोणाच्या तरी कापसावरच टेकलेली असायची. १९७२ साली कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि एक पायरी वाढली. कापूस केंद्रावर जायचा, पैसे मात्र सवडीनं यायचे. मग बाबा म्हणू लागले, ‘‘चुकारा निघाला की.’’

मी जिल्हा परिषदेत मास्तर झालो, तेव्हा पोरगा पावसाच्या तावडीतून सुटला असं सगळ्यांना वाटलं. मी फक्त पीक बदललं होतं. ‘‘फरक निघाला की,’’ म्हणू लागलो. सातव्या वेतन आयोगाची नुसती कुणकुण लागली, तर मी सोफा आणला, मोटारसायकल आणली. फरक निघाला, पण पाच हप्त्यांत, आणि थेट भविष्य निर्वाह निधीत. पैसा भविष्यात गेला, सोफ्याचे हप्ते वर्तमानात राहिले.

मग शिक्षकांची पतसंस्था आली. तिथं कर्जाला जामीनदार लागतात. मी तिघांना जामीन, ते तिघं मला जामीन. विहिरीच्या काठावर चौघं एकमेकांचा सदरा धरून उभे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतोय, ‘घाबरू नको, मी आहे.’

त्यातून मी सातवीला सरळव्याज शिकवतो. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. पण एका ओळखीच्याकडून शेकडा तीननं पैसे उचलले, तेव्हा तो तीनचा आकडा मला फार गरीब स्वभावाचा वाटला. तो दर महिन्याचा होता. वर्षाचे छत्तीस होतात, हे माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोट्ट्यानंही सांगितलं असतं.

बायको महिला बचत गटाची सचिव. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. मला वळणावर आणायला बायकोला त्यानंतर पंचवीसेक वर्षं लागली. एका रात्री तिनं माझी पगारपत्रिका कंदिलासमोर धरावी तशी बल्बसमोर धरली. कपातीच खाली-वर, मधे पगार कुठंच नाही.

‘‘अवो,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या घरचं सारं निघतेच. कापूस निघते, चुकारा निघते, फरक निघते. घरात काहून येत नाई?’’

मी आमच्या कर्जबाजारी जिल्ह्याचं नाव पुढं केलं. म्हटलं, आपल्याकडे कर्ज कोणाला नाही?

ती एकदम गंभीर झाली. २०१७ साली बोंडअळीनं गावातली बोंडं पोखरली होती. तिच्या गटातल्या दोघींच्या घरी त्या वर्षी काय शिजलं, ते तिला ठाऊक होतं. ‘‘त्यायचं कर्ज अळीनं केलं, पावसानं केलं. तुमचं कोनं केलं? सोफ्यानं?’’

त्या रविवारपासून घरात गटाची पंचसूत्री लागू झाली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही. सभासद दोन, अध्यक्ष आणि सचिव तीच. तिनं वहीत सगळी कर्जं व्याजाच्या उतरत्या क्रमानं मांडली. शेकडा तीनवालं आधी फेडायचं, पतसंस्थेचं मागून. नवी उचल बंद. सोफा विकला, बाबांची बाज पुन्हा बैठकीत आली. पाहुणे आता लवकर उठतात, त्यामुळे चहाचाही खर्च वाचतो.

किराणा रोखीनं आणायला लागलो, तर दुकानदार हळवा झाला. ‘‘गुर्जी, आमचं काही चुकलं काय? नगदी कायले देऊन राह्यले?’’ तीन पिढ्यांचा संबंध मी तोडतोय, असा त्याचा चेहरा.

दीड वर्षात शेकडा तीन संपलं. पतसंस्थेचं अजून चालू आहे, पण वहीतला आकडा पहिल्यांदाच उतरणीला लागलाय.

परवा बैठकीला पाच मिनिटं उशिरा पोचलो. गटाच्या नियमाप्रमाणे दहा रुपये दंड. खिसा चाचपला आणि सवयीनं तोंडातून गेलंच, ‘‘पगार निघाला की...’’

तिनं वहीत माझ्या नावापुढे वीस लिहिले.