पॉली उम्रीगर कोणत्या गावचे?

सोलापूरला उतरणाऱ्या प्रवाशाला तीन गोष्टी न मागता मिळतात: ऊन, शेंगाचटणी आणि मत. पहिल्या दोहोंवर उपाय आहे. ऊन टोपीने अडतं, चटणी दह्याने शमते. मतावर मात्र औषध नाही. ते स्टेशनबाहेरच्या रिक्षात सुरू होतं, मराठीतून निघून कन्नडला वळसा घालतं, वाटेत कुणाला तरी तेलुगूत हाक मारतं आणि पार्क चौकात ‘काय करूलालास बे?’ असा मित्राचा समाचार घेऊन पुन्हा मूळ मुद्द्यावर येतं. भारताने आदल्या दिवशी एखादा क्रिकेट सामना जिंकला असेल, तर या मताची दिशा ठरलेली असते. विजयाच्या नायकाला चहा येईपर्यंत वेळ मिळतो. चहा आला की बोलणं निवृत्त खेळाडूंवर जातं आणि बशी रिकामी होईपर्यंत तिथेच राहतं. जिंकले आज खेळणारे, कौतुक मात्र अशा माणसाचं, ज्याची बॅट केव्हाच खुंटीला लागली. बाहेरच्या माणसाला हा स्मरणरंजनाचा आजार वाटतो. माझं म्हणणं असं की हा आजार नसून रोकडा व्यवहार आहे. विजय ही फार बेभरवशाची वस्तू आहे; तिच्यावर आपला हक्क सांगायचा तर चाहत्याला जुना खेळाडू साक्षीला उभा करावाच लागतो. आणि तो साक्षीदार जितका हरलेला असेल, तितकी साक्ष पक्की.

हे केवळ सोलापूरचं खूळ नाही, हे पटवण्यासाठी वाचकाला थोडा वेळ मेलबर्नला न्यावं लागेल. तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स नावाचा फुटबॉल खेळतात. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू आणि अंगावर रक्त नसेल तर सराव चालला आहे असं समजायचं. हा खेळ जन्मला क्रिकेटच्याच पोटी. टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. आजही त्याचा अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट मैदानावर होतो, म्हणजे ज्या गवतावर आपले फलंदाज बाउन्सर खातात, तिथेच. या खेळात दोन मधल्या खांबांमधून चेंडू मारला तर सहा गुण, आणि नेम चुकून चेंडू बाजूच्या खांबाकडून गेला तर एक गुण. नेम चुकल्याबद्दलही गुण देणारा हा खेळ आपल्या परीक्षा मंडळांच्या नजरेस कसा पडला नाही, हे कोडंच आहे.

तर सेंट किल्डा नावाच्या संघाने 1966 चा अंतिम सामना कॉलिंगवूडविरुद्ध 74 विरुद्ध 73 असा, फक्त एका गुणाने जिंकला. तो एक गुण बॅरी ब्रीन यांच्या अशा लाथेतून आला, जी नीट बसली नव्हती. चेंडू डुगडुगत, वाट चुकल्यासारखा गेला आणि चुकलेल्या नेमाचा एक गुण मिळाला. तेव्हापासून आजतागायत सेंट किल्डाने विजेतेपद पाहिलेलं नाही. म्हणजे तिथल्या तीन पिढ्या एका फसलेल्या लाथेच्या व्याजावर जगत आहेत. दुसरं उदाहरण फूट्सक्रे या कामगारवस्तीच्या संघाचं. तो 1954 मध्ये जिंकला आणि मग थेट 2016 मध्ये, वेस्टर्न बुलडॉग्ज या नावाने, सिडनीला 22 गुणांनी हरवून. मध्ये बासष्ट वर्षं. संघाचा कर्णधार बॉब मर्फी त्याच हंगामाच्या सुरुवातीला गुडघा मोडून घरी बसला होता. अंतिम सामना त्याने साध्या कपड्यांत पाहिला. बक्षिसाच्या वेळी प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःला मिळालेलं पदक त्याच्या गळ्यात घातलं. पुढच्या वर्षी मर्फी निवृत्त झाला. मैदानावर उतरून विजेतेपद जिंकणं त्याच्या नशिबी आलंच नाही. त्या सामन्याच्या चर्चेत मर्फीचं नाव, त्या दिवशी घामाघूम झालेल्या अनेकांच्या आधी निघतं. कारण उघड आहे. ज्यांनी तो सामना खेळला, त्यांना एक दिवस लाभला. मर्फीपाशी त्याआधीची सगळी वर्षं होती, आणि तीच वर्षं चाहत्यांपाशीही होती.

आता पार्क चौकात परत येऊ. एका अंगाला भुईकोट किल्ला, पलीकडे सिद्धेश्वरांचं तळं आणि मधोमध पार्क मैदान. कागदोपत्री त्याचं नाव इंदिरा गांधी स्टेडियम आहे, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो प्रवाशाकडे परदेशी पाहुण्यासारखं पाहतो आणि भाडंही त्याच हिशेबाने सांगतो. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्राचा संघ रणजी करंडकासाठी याच मैदानावर उतरला. जानेवारी म्हणजे शेजारच्या होम मैदानावर गड्डा जत्रा भरण्याचा महिना. पाळणे, भेळ, नंदीध्वज असा सगळा जामानिमा हाताशी असताना चार दिवसांचं संथ क्रिकेट बघायला जाणं ही निष्ठेचीच परीक्षा. या मैदानाच्या कट्ट्यावर बसून भारताच्या कुठल्याही विजयावर हक्क सांगायचा असेल, तर सोलापूरकराकडे हुकमाचं एकच नाव आहे: पहलन रतनजी उर्फ पॉली उम्रीगर. जन्म 28 मार्च 1926, सोलापूर. कसोटी सामने 59, धावा 3631, शतकं बारा. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं: 1955 मध्ये हैदराबादला, न्यूझीलंडविरुद्ध 223. गावसकर येईपर्यंत भारतातर्फे कसोटीत सर्वाधिक धावा त्यांच्याच नावावर होत्या.

पहिली हरकत मुंबईकराची येते, आणि ती तो खिडकीची जागा मागावी तितक्या सहज घेतो. उम्रीगर आमचे, तो म्हणतो. शाळेच्या वयातच ते मुंबईला आले, पारशी संघातून पंचरंगी सामने खेळले, मुंबई विद्यापीठाचे कर्णधार झाले, मुंबईकडून रणजी खेळले आणि 2006 मध्ये मुंबईतच वारले. बरेच लोक त्यांचा जन्मही मुंबईचाच समजतात. सोलापूरकर यावर चादरीचा दाखला देतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ती नागपूरच्या पलंगावर पसरली म्हणून नागपुरी होत नाही. मुंबईकर वकिली डोक्याचा असेल तर इथेच गाठतो: मानांकन विणकामाला मिळतं, सूत कुठून आलं त्याला नाही, आणि उम्रीगर विणले गेले ते मुंबईच्या मैदानांवर. हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मान्य करून टाकलेला बरा. पण मग सोलापूरच्या वाट्याला काय उरतं? वालचंद हिराचंद जन्मले इथे, कारभार केला मुंबईतून. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस जन्मले इथे, गेले थेट चीनच्या रणभूमीवर आणि 1942 मध्ये तिथेच वारले. तरी त्यांचं स्मारक सोलापूरने आपल्या भैया चौकात उभारलंच. उम्रीगरांच्या वडिलांचा धंदाही कापडाचाच. माणूस घडवून पाठवायचा, नाव दुसऱ्या गावच्या पाटीवर वाचायचं आणि तरीही ‘आपला हाय की’ म्हणायचं, हा या गावाचा पिढीजात रिवाज आहे. मुंबईला ही सवय नाही, कारण मुंबईहून पुढे कुणी जातच नाही. म्हणून गेलेल्या माणसावर हक्क कसा सांगावा, हे मुंबईने सोलापूरकडून शिकावं, सोलापूरने मुंबईकडून नाही.

दुसरी हरकत अधिक अभ्यासू आहे. विजयांच्या यादीत उम्रीगर नायक कुठे आहेत? भारताचा पहिला कसोटी विजय 10 फेब्रुवारी 1952 चा, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, एक डाव आणि आठ धावांनी. तिथे इंग्लंडला गुंडाळलं विनू मंकड यांनी. एका डावात आठ बळी, दुसऱ्यात चार. ऑस्ट्रेलियावरचा पहिला विजय डिसेंबर 1959 चा, कानपूरचा. तिथे जसू पटेल यांचे नऊ अधिक पाच मिळून चौदा बळी. दोन्हीकडे उम्रीगर फोटोच्या कडेला. पण तो फोटो जरा जवळून पाहावा. मद्रासला त्यांनी नाबाद 130 केल्या, आणि मुळात ते संघात आले हेमू अधिकारी जखमी झाले म्हणून. म्हणजे भारताच्या पहिल्या विजयातलं एक शतक एका दुखापतीच्या कृपेने आलं. विजयाचा सांगाडा उघडला की आत असे अपघातच निघतात. सामना सुरू झाला त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले, हा त्यांतलाच एक. हरल्यावर पाहुण्यांना ते कारण पुढे करता आलं असतं, त्यांनी केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. कानपूरला ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव 105 धावांत आटोपला. एक खेळाडू आजारी, त्यामुळे बळी पडले नऊ. त्यांतले पाच पटेलांचे आणि उरलेले चारही उम्रीगरांचे, अवघ्या 27 धावांत. कडेचा माणूस काढला तर हा फोटो भिंतीवर टिकत नाही. आणि भूगोलाचा पुरावा हवा असेल तर मुंबई-मद्रास लोहमार्गच पाहावा. उम्रीगरांची मुंबई एका टोकाला, पहिल्या विजयाचं मद्रास दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये गाडी थांबते ती सोलापूरला. मुंबईहून सोलापूरला येणारी वंदे भारत सुरू झाली तीही 10 फेब्रुवारीलाच, 2023 मध्ये. रेल्वे खात्याने हे ठरवून केलं असं कुणी म्हणणार नाही. त्या खात्याने काही ठरवून केलं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

तिसरी हरकत दबक्या आवाजात येते: 1952 चा इंग्लंड दौरा. चार कसोटी, सात डाव, धावा त्रेचाळीस. गोलंदाज फ्रेड ट्रूमन धावत यायचे आणि उम्रीगर स्क्वेअर लेगच्या दिशेने सरकायचे. इतके की तिथला क्षेत्ररक्षक ‘जरा बाजूला व्हा, दिसत नाही’ म्हणाला, अशी दंतकथाच झाली. त्याच दौऱ्यातल्या इतर सामन्यांत धावांची रास होती, पण दंतकथा राशी मोजत नाही. अशा माणसाला विजयाच्या गप्पांत का बोलवावं? माझ्या मते याचसाठी. सात वर्षांनी ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या कसोटीत, ट्रूमन समोर असताना, 118 धावा काढून आले. मधल्या काळात आणखी एक प्रकरण घडलं: 1959 च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीचं कर्णधारपद त्यांनी आदल्या रात्री सोडलं, कारण संघनिवडीत क्रिकेट मंडळाशी मतभेद. आपल्याकडे खुर्ची आदल्या रात्री मिळवणारे पुष्कळ; आदल्या रात्री सोडणारे हे एकच नाव पटकन आठवतं. आणि 1962 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला, वेस्ट इंडिजविरुद्ध, एकाच कसोटीत 56 आणि नाबाद 172, शिवाय एका डावात पाच बळी. निकाल? भारत हरला, आणि मालिका पाच-शून्य गेली. एका माणसाने एका सामन्यात याहून जास्त काय करायचं, हा प्रश्न गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या गावाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या कामगाराने पाळी चुकवली नव्हती, मालात खोट नव्हती, तरी भोंगा थांबला. केवळ जिंकणाऱ्या खेळाडूवर प्रेम करायला चाहता लागत नाही, जाहिरात कंपनी पुरते. हरताना पूर्ण खेळलेला माणूस ज्या गावाने आपला मानला, त्या गावाला पुढचा प्रत्येक विजय उसना घ्यावा लागत नाही.

राहिली शेवटची हरकत, आजच्या खेळाडूंच्या बाजूची. त्यांनी जिंकायचं आणि कट्ट्यावर गुण गायचे जुन्यांचे, हा अन्याय नव्हे का? थोडा आहे. जुन्यांचं नाव घेऊन नव्यांना कमी लेखणारे महाभाग पार्क चौकात आहेत, दादरला आहेत, मेलबर्नलाही असणार. ‘आमच्या वेळी हेल्मेट नव्हतं’ हे वाक्य सगळ्या भाषांत सारख्याच नाकातून निघतं. त्यांची बाजू मी घेत नाही. पण आजच्या विजयात जुन्याला बोलावणं म्हणजे आजच्याला हाकलणं नव्हे. उलट ती त्याची सोय आहे. आज तळपणारा गोलंदाजही पाच-दहा वर्षांनी गुडघा धरून घरी बसेल. तेव्हाच्या विजयात त्याचं नाव निघावं असं वाटत असेल, तर ही रीत आजच चालू असायला हवी.

आणि ती चालू आहे याचा सरकारी शिक्क्याइतका भक्कम पुरावा खुद्द क्रिकेट मंडळाने देऊन ठेवला आहे. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देतं, तो पॉली उम्रीगर यांच्या नावाचा. सचिन तेंडुलकर, विराट कोहली, जसप्रीत बुमरा, सगळ्यांनी तो घेतला आहे. कितीही धावा करा, कितीही दांड्या उडवा, वर्षाअखेरीस छान कोट घालून मंचावर जायचं आणि सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या नावाखाली आपलं नाव लिहून घ्यायचं. मुंबईकर यावरही म्हणेल की ते नाव मुंबईचंच. म्हणू द्यावं. वादाचा निकाल लागला तर पार्क चौकातला दुसरा चहा कोण मागवणार?