वाऱ्यावर सोडलेले गृहस्थ

म्युनिकमध्ये गणपतीची आरती चालू असताना ज्याचा एक डोळा खिडकीबाहेरच्या झाडाच्या शेंड्यावर असतो, तो माणूस विंडसर्फिंग करतो असं खुशाल समजावं. शेंडा हलला की त्याची झांज चुकते. जोरात हलला की तो मंत्रपुष्पांजलीची वाट न बघता मोदक कागदात गुंडाळून घेतो आणि "सोमवारी भेटू" म्हणत जिना उतरतो. मागे राहिलेल्या वहिनी सगळ्यांकडे बघून ओशाळं हसतात आणि त्याच्यामागोमाग निघतात, कारण गाडीची दुसरी किल्ली त्यांच्या पर्समध्ये असते.

हे गृहस्थ मूळचे पुण्याचे. पाण्याशी पूर्वसंबंध म्हणाल तर खडकवासल्याच्या चौपाटीवर उभं राहून कणीस खाण्याइतका. पोहायला शिकले टिळक तलावात, तेही आईने दटावलं म्हणून. पस्तिशीत नोकरीसाठी जर्मनीत आले. पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना इटलीतल्या गार्डा सरोवरावर नेलं, शिडाच्या फळीवर उभं केलं आणि अर्ध्या मिनिटात ते पाण्यात पडले. तेव्हापासून पडताहेत. फरक एवढाच की पहिल्या वर्षी नुसतेच पडायचे, आता पडण्याला कारणं असतात. बोर्डाखालच्या फिनला गवत अडकलं. झोत उलटा आला. फेरीबोटीची लाट लागली. स्वतः पडलो असं त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

गार्डा म्हणजे इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर, क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर. दक्षिणेला ऐसपैस पसरलेलं, उत्तरेला दोन्हीकडच्या डोंगरांनी आवळून चिंचोळं झालेलं. त्या चिंचोळ्या टोकाशी तोर्बोले नावाचं गाव आहे. शाळेच्या भूगोलात आपण पर्वतीय वारे आणि दरीय वारे पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. तोर्बोलेत ते रोज कामावर येतात. पहाटेपासून दहा-अकरापर्यंत उत्तरेकडून उतरतो तो पेलेर. मग थोडा वेळ सामसूम. दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेकडून येतो तो ओरा, तो पार संध्याकाळपर्यंत. अर्थात आकाश निरभ्र असेल तर. ढग आले की ओरा रजा टाकतो आणि अर्जही देत नाही. सरोवराच्या या उत्तर भागात, त्रेन्तिनोच्या हद्दीत, खाजगी मोटरबोटींना बंदी आहे. त्यामुळे हौशी लोकांचं जे काही चालायचं ते वाऱ्याच्या मर्जीनं.

शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणून आपल्याला ठाऊक असलेला गटे १७८६च्या सप्टेंबरात याच तोर्बोलेहून पहाटे होडीतून दक्षिणेला निघाला होता. आधी वारा अनुकूल होता, मग फिरला आणि बिचाऱ्याला वाटेत माल्चेसिनेला उतरावं लागलं. तिथे जुन्या किल्ल्याचं चित्र काढत बसला, तर ऑस्ट्रियाचा हेर समजून गावकरी गोळा झाले. आमच्या गृहस्थांना हा प्रसंग अतिशय प्रिय आहे. "ओऱ्यानं गटेलासुद्धा सोडलं नाही हो," असं ते म्हणतात तेव्हा गटे त्यांच्याच शर्यतीत त्यांच्या मागे राहिला होता असा भास होतो.

तोर्बोलेतली विंडसर्फिंगची शर्यत शनिवार-रविवारी असली तरी गृहस्थांची शर्यत बुधवारीच सुरू होते. फोनवर हवामानाची चार अॅप्स आहेत. त्यांतलं जे सगळ्यांत जास्त वारा सांगेल ते अचूक, बाकीची भंगार. "शनिवारी पाच बोफर्ट!" असं ते एकदा फोनवर पुण्याला ओरडले, तेव्हा सासरेबुवांनी "पुन्हा चौकशी लागली का?" असं काळजीनं विचारलं. पाच बोफर्ट म्हणजे सतरा ते एकवीस नॉट, ताशी साधारण तीस ते अडतीस किलोमीटर. मोटरसायकलवरून जाताना हा वारा आपल्यालाही लागतो, पण आपण त्याचं कौतुक करत नाही.

शुक्रवारी दुपारी गाडी भरायची. टपावर दोन बोर्ड, डोलकाठ्यांच्या लांब पिशव्या, आत चार शिडं, दोन बूम, हार्नेस, पाण्यातले बूट, दोन वेटसूट, त्यांतला एक न वाळलेला. वहिनींची बॅग वहिनींच्या मांडीवर. इन्सब्रुकवरून ब्रेनर खिंड चढायची, म्हणजे जवळजवळ चौदाशे मीटर उंची, आणि शुक्रवारी संध्याकाळी अर्धं म्युनिक त्याच खिंडीत टपावर बोर्ड बांधून उभं असतं. गृहस्थ काच खाली करून हात बाहेर काढतात. "बघ, आत्ताच केवढा आहे!" वहिनी म्हणतात, "अरे, गाडी चालू आहे म्हणून लागतोय." हा संवाद दर वेळी होतो आणि दर वेळी वहिनींचंच बरोबर असतं.

सकाळी किनाऱ्यावरच्या हिरवळीवर शिडं पसरलेली असतात आणि गृहस्थांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रश्न तिथे पडतो: साडेसहाचं लावायचं की पावणेआठचं? हे चौरस मीटर. वारा जोरात असेल तर लहान शीड, कमी असेल तर मोठं, नियम एवढा सोपा आहे. अडचण अशी की शीड लावायला वीस मिनिटं लागतात आणि वाऱ्याला बदलायला दोन. डोलकाठी खोळीत सरकवायची, खालची दोरी पाय टेकून छातीत कळ येईस्तोवर ओढायची, बूम बसवायचा, पट्ट्या ताणायच्या. गृहस्थ साडेसहाचं लावून घामाघूम होऊन उठतात तर समोरचं पाणी इस्त्री केल्यासारखं. उतरवून पावणेआठचं लावतात तर लाटांवर पांढरे तुरे. स्वतःच्या अॅपपेक्षा, आकाशापेक्षा त्यांची नजर असते ती आजूबाजूच्या शिडांवर. गंमत म्हणजे आजूबाजूचे सगळे त्यांच्या शिडाकडे बघत असतात. त्या हिरवळीवर सगळ्यांत जास्त विश्वास टाकला जातो तो सगळ्यांत कमी कळणाऱ्यांवर.

मग अधिकाऱ्यांच्या खांबावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चढतो. म्हणजे शर्यत पुढे ढकलली. वारा नाही. आता बसा. अर्धा वेटसूट कमरेपर्यंत सोलून साठ-सत्तर प्रौढ माणसं एका ओळीत पाण्याकडे तोंड करून बसतात. कोणी अभियंता, कोणी न्यायाधीश, कोणी शाळामास्तर. सगळ्यांची पोटं एका वयाची. मधूनच एखादा गाववाला सायकलवरून जाता जाता म्हणतो, "काल यायला हवं होतं!" हे वाक्य जगातल्या प्रत्येक वाऱ्याच्या गावी ऐकू येतं. गृहस्थांच्या मते गेल्या कित्येक वर्षांतला उत्तमोत्तम वारा 'काल' वाहिलेला आहे.

याच रिकाम्या वेळात ते आपल्याला या खेळाचा इतिहास सांगतात. १९६८मध्ये कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी फळीवर सर्व बाजूंना कलणारी डोलकाठी बसवून पेटंटसाठी अर्ज केला. पुढे इंग्लंडच्या न्यायालयात असं निघालं की पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलानं १९५८मध्येच, वयाच्या बाराव्या वर्षी, असलंच काहीतरी बनवून हेलिंग बेटाजवळ चालवलं होतं. तिथलं पेटंट त्यामुळे रद्द झालं. १९८४ला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. हे सगळं सांगताना गृहस्थांचा आवाज असा होतो की त्या बारा वर्षांच्या मुलाला पहिला धक्का यांनीच दिला असावा. आणि मग हळूच: "हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ला आपल्या ईबाद अलीनं ब्राँझ घेतलं ना, तो हाच खेळ!" पुण्याच्या नातेवाइकांत यामुळे असा समज आहे की ईबाद अलीला शिकवायला हेच जातात. गृहस्थांनी हा समज दूर केलेला नाही.

ओरा येतो. आधी दूर दक्षिणेला पाण्यावर गडद रेघ दिसते, मग ती इकडे सरकते आणि हिरवळीवर एकच धावपळ. लाल-पांढरा झेंडा उतरतो. पाच मिनिटांचा भोंगा, चार मिनिटांचा, एक मिनिटाचा. सुरुवातीची रेषा म्हणजे अधिकाऱ्यांची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेघ. तिच्यामागे सत्तर शिडं दादरला फास्ट लोकल येताना फलाटावर माणसं उभी राहतात तशी उभी. बोर्डाला ब्रेक नसतो, तो वाहत जातो. भोंग्याच्या क्षणी रेषेवर असावं, पण आधी ओलांडू नये. ओलांडलीत तर 'ओसीएस' लागतं आणि गुण मिळतात स्पर्धकसंख्या अधिक एक. इथे कमी गुणवाला वरचढ, त्यामुळे हा आकडा म्हणजे शिक्षा. गृहस्थांना 'ओसीएस' कधी लागलेलं नाही. भोंगा होतो तेव्हा ते रेषेपासून चांगले ऐंशी मीटर मागे असतात. "गर्दीत घुसायचं नाही, मोकळा वारा घ्यायचा," हे त्यांचं धोरण. मोकळा वारा मिळतो खरा, पुढे गेलेल्या एकोणसत्तर शिडांतून गाळून आलेला.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. पहिल्या बोयापर्यंत दोन मतं असतात: कड्याकडे जावं की मध्यातून. पहिले वीस जण जिकडे जातात त्याच्या विरुद्ध बाजूला गृहस्थ जातात, कारण जिंकायचं तर वेगळं काही करायला हवं असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. जिंकणारे तोवर दुसरा बोया वळून परतीला लागलेले असतात. पण गृहस्थांची लढत त्यांच्याशी नाहीच मुळी. ती आहे इन्सब्रुकच्या एका दंतवैद्याशी. वर्षानुवर्षं हे दोघे सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस या दोन क्रमांकांसाठी झुंजताहेत. जगातला अव्वल विंडसर्फर शेजारून गेला तरी गृहस्थांची मान वळत नाही. दंतवैद्याचं हिरवं शीड अर्ध्या सरोवरापलीकडून ओळखतात. दंतवैद्य पडला की हे आनंदानं पडतात.

एकदा दोघे बोयापाशी आमनेसामने आले. उजव्या बाजूनं वारा घेणाऱ्याला हक्क असतो आणि या वेळी हक्क निर्विवाद आमच्या गृहस्थांचा होता. दंतवैद्य आडवा घुसला. नियम असा की तक्रार करायची तर तिथल्या तिथे मोठ्यानं 'प्रोटेस्ट' हा शब्द उच्चारायचा. गृहस्थांच्या तोंडून निघालं ते, "अरे ए, डोळे फुटले काय रे तुझे!" आठवून 'प्रोटेस्ट' म्हणेपर्यंत दंतवैद्य पन्नास मीटर पुढे. संध्याकाळी पंचांसमोर सुनावणी झाली. गृहस्थांनी टेबलावर मिठाची आणि मिऱ्याची बाटली ठेवून प्रसंग उभा केला, वाऱ्याची दिशा काट्या-चमच्यानं दाखवली. पंचांनी एकच विचारलं: 'प्रोटेस्ट' केव्हा म्हणालात? गृहस्थ खोटं बोलत नाहीत, ही त्यांची उणीव. तक्रार निकालात निघाली. त्या रात्री दंतवैद्यानं त्यांना पास्ता खाऊ घातला आणि जाता जाता अक्कलदाढही बघून दिली.

वहिनी दोन्ही दिवस किनाऱ्यावर खुर्ची टाकून कादंबरी वाचतात. निकाल त्यांना फलकावर बघावा लागत नाही. बोर्ड डोक्यावर धरून आले तर सत्तेचाळीस, वाळूतून ओढत आले तर अठ्ठेचाळीस. "बुडाला नाहीस ना? मग चल, जेवू या." मला विचाराल तर या सगळ्या शर्यतीत वाऱ्याचं गणित खरं कळलेली ती एकच व्यक्ती आहे, ओरा नेमका केव्हा थांबणार हे त्या स्वेटर काढून सांगतात.

रविवारी बक्षीससमारंभ होतो. गृहस्थांना बक्षीस नसतं, पण निकालाच्या कागदाचा फोटो काढतात आणि ब्रेनर उतरायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतो: "भारतीय स्पर्धकांत पहिला!" हे अक्षरशः खरं आहे. दुसरा भारतीय स्पर्धेत नव्हता ही माहिती विचारल्याशिवाय दिली जात नाही. खाली काकांचे टाळ्यांचे हात, मामींचे तिरंगे. सोमवारी ऑफिसात चालताना एक पाय ओढतात. कोणी विचारलंच तर फक्त "ओरा" म्हणतात आणि पुढे जातात.

आता नवं खूळ आलंय. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, २०२४मध्ये, मार्सेयच्या पाण्यात विंडसर्फिंग झालं ते फॉइलवर. बोर्डाखाली एक पंख असतो, वेग आला की आख्खा बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो आणि माणूस हवेतून जातो. थोड्या वाऱ्यातही. गृहस्थांनी ते बघितलं आणि झोप उडाली. वय त्रेपन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा, फिजिओथेरपिस्टनं हात टेकलेले. पण दंतवैद्यानं घेतलंय असं कळल्यावर चर्चा संपली. वहिनींनी एकच अट घातली: जुनं सामान घराबाहेर गेल्याशिवाय नवं आत येणार नाही.

तेव्हा साडेसहा आणि पावणेआठ चौरस मीटरची दोन शिडं, एक बोर्ड, दोन डोलकाठ्या आणि एक न वाळलेला वेटसूट विकणे आहे. म्युनिक परिसरात कोणाला हवं असल्यास व्यवहाराचं वहिनींशीच बोलावं. गृहस्थांना विचारलंत तर ते काही विकणार नाहीत. उलट येत्या शुक्रवारी तुम्हालाच गाडीत घालून नेतील.