घर के आदमी

लखनौच्या हजरतगंजात कॉफी हाऊसमध्ये हे गृहस्थ हमखास सापडतात. कुर्ता कायम पांढरा. वरची बंडी मात्र सरकार पाहून बदलते. मुख्यमंत्री असोत की विकास प्राधिकरणातला कारकून, प्रत्येकाबद्दल त्यांचं एकच मत: ''वो तो घर के आदमी हैं।''

शहराचा विकास आराखडा त्यांनी जन्मात उघडलेला नाही. ते लग्नपत्रिका वाचतात. रिसेप्शनला कोण कोणाशेजारी बसलं, कोण पाकीट देऊन न जेवता सटकलं, एवढ्यावरून रस्ता कुठे वळणार ते सांगतात. रस्ता बहुधा तिथेच वळतो.

पुरावा मागा, की २००२ साल काढतात. मायावतींनी भाजपच्या लालजी टंडनांना चांदीची राखी बांधली, आणि टंडन त्यांच्याच सरकारात नगरविकास मंत्री! ''अब बहनजी के नक्शे को भाई मना करेगा?'' पुढच्याच वर्षी युती मोडली, याची आपण आठवण करून द्यायची. त्यावर चमचा कपात ढवळत उत्तर येतं, ''रिश्ता अपनी जगह, फाइल अपनी जगह।'' (ही जात आपल्याकडेही पिकते, इतकी अदब मात्र नसते.)

पाहुण्याला ते गोमतीनगर दाखवतात. आंबेडकर स्मारकातले दगडी हत्ती २०१२च्या निवडणुकीत आयोगाने झाकायला लावले, तेव्हा यांनी दिवाणखान्यातला बहनजींबरोबरचा फोटोही झाकला. काढला नाही. मेट्रो तर त्यांची लाडकी. डिसेंबर २०१६मध्ये अखिलेश यादवांनी चाचणीला हिरवा झेंडा दाखवला, सप्टेंबर २०१७मध्ये योगी आदित्यनाथांनी उद्घाटन केलं. गाडी तीच, आणि दोन्ही फोटोंत मागच्या रांगेत हेही तेच. जयप्रकाश नारायण केंद्राची अर्धवट इमारत आली, की मात्र ड्रायव्हरला ''ज़रा तेज़''. याच केंद्राच्या फाटकावरून २०२३ साली जयप्रकाशांच्या जयंतीला अखिलेशना उडी मारून आत जावं लागलं होतं. अशा ठिकाणी गाडी रेंगाळलेली कोणी पाहिली, तर?

निरोप घेताना त्यांनी विचारलं, ''आपके महाराष्ट्र में नगरविकास किसके पास है?'' मी नाव सांगितलं. क्षणभर डोळे मिटून ते म्हणाले, ''उनके यहाँ इस साल कोई शादी है?''

मला माहीत नव्हतं. एवढा शिकलेला माणूस आणि एवढंही ठाऊक नाही, या किवेने त्यांनी माझ्यासाठी आणखी एक कॉफी मागवली.