तिथलं काय फेमस?

काकाजी गावाहून परतले की गल्लीला ते आधी वासावरून कळतं. आंबट वास आला तर कोकण, तुपाचा आला तर सातारा, आणि कसलाच वास आला नाही तर समजायचं, या खेपेला कापड आणलं आहे. ऑटोतून आधी पिशव्या उतरतात, मग काकूजी, मग पुन्हा पिशव्या आणि सगळ्यात शेवटी स्वतः काकाजी, एखादं पुडकं छातीशी धरून. ते पुडकं ते कोणाच्याही हाती देत नाहीत. ऑटोवाल्याला पैसे देतानासुद्धा पाकीट काकूजींनाच काढावं लागतं.

काकाजींची नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. माजी मालगुजारी तलावांच्या पाळी मोजायच्या आणि एम.बी.त, म्हणजे मोजमापाच्या वहीत, नोंदी करायच्या. निवृत्तीनंतर तलाव सुटले, एम.बी. मात्र सुटली नाही. तशाच एका जाड वहीत ते आता गाव, वस्तू, भाव आणि शेवटच्या रकान्यात 'असल' की 'नकल' असा शेरा लिहितात. ही माणसं गावोगावी असतात. आमच्या साकोलीत हे एक आहेत, लाखनीत दोघं तरी असतील. प्रवास म्हणजे गाव पाहणं असं तुम्हाआम्हाला वाटतं. यांच्या लेखी ताजमहाल म्हणजे पेठ्याच्या दुकानाची मागची बाजू.

त्यांचा प्रश्न एकच. "का जी, तुमच्या इकडं काय फेमस आहे?" तो ते टीसीला विचारतात, लग्नात व्याह्यांना विचारतात. नागपूरला मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी, डोळ्यावर औषध पडलेलं असताना, त्यांनी डॉक्टरांना "तुमचं मूळ गाव कोणतं?" असं विचारलं. डॉक्टर जळगावचे निघाले. पट्टी सुटायच्या आधी भरताच्या वांग्यांची ऑर्डर गेली होती. एकदा सांगलीला ते एका नातलगाकडे तेरवीला गेले. तिथं दारात उभं राहून त्यांनी पाच मिनिटं मान खाली घातली, डोळे पुसले आणि मयताच्या धाकट्या भावाला हलक्या आवाजात विचारलं, "बेदाणा इथं मार्केट यार्डातच घ्याव का बाहेर?" त्याने रडता रडता पत्ता सांगितला. सांगलीच्या बेदाण्याबरोबर ते तिथली हळदही घेऊन आले, हे सांगायला नकोच.

या पंथाचे नियम कडक आहेत. वस्तू ज्या गावची, त्या गावातच घ्यायची. सोलापुरी चादर नागपूरला सीताबर्डीवर मिळते, पण ती चादर नव्हे, नुसतं पांघरूण. दुसरा नियम मी त्यांच्या घरी शिकलो. आणलेली वस्तू वापरायची नसते. पुण्याहून आणलेली पुणेरी पगडी तांदळाच्या ड्रमावर विराजमान आहे. सावंतवाडीची लाकडी फळं टोपलीत इतकी हुबेहूब मांडली आहेत की एका पाहुण्याने गप्पांच्या भरात केळ सोलायचा प्रयत्न केला. सोलापुरी चादरी चार आहेत. साकोलीच्या मे महिन्यात त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी घाम फुटतो. काकूजींनी या सगळ्याची तीन खाती पाडली आहेत, "खायचं, घालायचं आन् पाहत बसायचं. पहिल्या दोन खात्यांत काहीच नाही."

जी.आय.ची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, भानगड कळल्यापासून तर त्यांच्या वेडाला सरकारी मोहोरच लागली. कोणत्या गावची कोणती वस्तू असल, याचा आपल्याकडे 1999 साली कायदा झाला आणि 2003 पासून तो लागूही आहे, हे त्यांना बरंच उशिरा समजलं. तोवर ते एकट्याच्या हिमतीवर लढत होते. याच कायद्याने त्यांची एक जुनी जखमही भरून काढली. कोल्हापूरला जाऊन, दोन तास घासाघीस करून घेतलेली चप्पल दुकानदाराने बांधून देताना सहज म्हटलं, "हा माल अथणीचा बरं का, काका." अथणी कर्नाटकात! काकाजी नऊ वर्षं ती चप्पल पायात घालू शकले नाहीत, वहीत 'नकल' लिहून मोकळे झाले. पुढे 2019 साली कोल्हापुरीला जी.आय. मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव, म्हणजे अथणीही आली. त्या दिवशी त्यांनी 'नकल' खोडून 'असल' केलं, बाजूला सही ठोकली आणि चप्पल काढून पाहिली. तोवर ती उंदरांनी पसंत केली होती. नंतर 2025 मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल नाव न घेता उतरवली आणि देशभर गदारोळ झाला, तेव्हा काकाजी एवढंच म्हणाले, "त्याईनं अथणीहून घेतली असन."

असा माणूस फ्रान्सला गेला तर काय होईल?

त्यांची मुलगी आणि जावई तुलूझला असतात. जावई विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. काकाजी-काकूजी तिथं दीड महिना राहिले. पॅरिस त्यांनी पाहिलं नाही. "तिथलं तिथं काही बनतच नाही," हे त्यांचं मत. पण दर आठवड्याचा बाजार पाहून त्यांचे डोळे भरून आले. भांडी, लोणी, लसूण, जे उचलाल त्यावर गावाचं नाव. लोत्रेकचा गुलाबी लसूण वेणीसारख्या जुड्यांत टांगलेला. ल प्वी गावची हिरवी मसूर डबीत सील केलेली, तिला 1996 पासून सरकारी दर्जा. आणि एस्पलेतची मिरची! बास्क मुलखातल्या त्या गावात घरांच्या पुढच्या भिंतीवर माळा करून मिरच्या वाळवतात म्हणे, आणि मग तिची पूड बोटभर बाटलीत भरतात. काकाजींनी बाटलीचा भाव रुपयांत काढला, मग किलोचा काढला, मग एकदम खाली बसले. आमच्या भिवापूरच्या मिरचीलाही जी.आय. आहे. ती अंगणात ढीग घालून वाळते, बायका दिवसभर शिंकत देठ खुडतात, आणि पोत्यावर गावाचं नाव लिहायला कोणाला सवड नसते. काकाजींनी बाटली घेतलीच. चाखल्यावर काकूजी म्हणाल्या, "तिखट कधी लागनार?"

जावयाने त्यांना एक शब्द समजावून सांगायचा प्रयत्न केला, 'तेरुआर'. म्हणजे जमीन, उतार, हवा, पाऊस, माणसांची पिढ्यान् पिढ्यांची हातोटी, हे सगळं मिळून वस्तूत जे उतरतं ते. फ्रेंच लोक या एका शब्दावर पुस्तकं लिहितात. अर्धा तास ऐकून घेऊन काकाजी म्हणाले, "म्हणजे पानी!" जावई गप्प झाला. मी मात्र या भाषांतरावर फिदा आहे. हट्टी सुनेपासून तिखट मिरचीपर्यंत सगळ्यांची कारणमीमांसा आपण 'त्या गावचं पाणीच तसं' या चार शब्दांत करत आलो आहोत. फरक एवढाच, की त्यांनी 1935 साली या पाण्यासाठी राष्ट्रीय संस्था काढली आणि आपण ते सुनेला ऐकवण्यापुरतंच ठेवलं.

एक धक्का तिथंही बसलाच. दिजों मोहरी, म्हणजे आपल्या लोणच्यातली फेसलेली मोहरीच, पण जगप्रसिद्ध. ती दिजोंमध्येच केलेली असायला हवी असं काही नाही, आणि बी तर बहुतेक कॅनडातून येतं. हे कळल्यावर काकाजींनी भरलेल्या टोपलीतून बाटली परत मांडणीवर ठेवली. वहीत फुली.

खरा प्रसंग मात्र बाजारातच घडला. आर्मान्याक विकणारी एक म्हातारी होती. तुलूझच्या पश्चिमेला गास्कनीत द्राक्षांपासून ही दारू काढतात आणि ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. बाईने चाखायला थेंबभर दिली. काकाजींनी वास घेतला आणि त्यांना एकदम घरची आठवण झाली. अशीच आमच्याकडे मोहाची निघते. तिथं बाटलीवर गावाचं नाव छापतात, इथं ते पंचनाम्यात येतं. बाईला हा म्हातारा आवडला असावा. तिने मुलीमार्फत विचारलं, "तुमच्या गावचं काय प्रसिद्ध आहे?"

जन्मभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारणारा माणूस चाट पडला. मुलगी सांगते, बाबा इतका वेळ गप्प होते की मागची रांग पुढे निघून गेली. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकतो. साकोली म्हणजे मुंबई-कोलकाता हायवेवरचं गाव. ट्रकवाला इथं चहा पितो आणि रायपूरकडे जातो. पर्यटक थांबतो तो नागझिऱ्याचा रस्ता विचारायला. नवेगावबांध सांगावं, तर 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडं गेलं. काकाजी अजूनही ती तारीख घरच्या वाटणीसारखी सांगतात. तलावातले शिंगाडे सांगावे? आंधळगाव-मोहाडीचा कोसा सांगावा? ऐन-अर्जुनाच्या झाडावरचे कोष, त्याची करवतकाठी साडी. पण येवल्याहून पैठणी आणणाऱ्या या गृहस्थांनी करवतकाठी कधी विकत घेतलेली नव्हती. काकूजींकडे एक आहे, ती त्यांच्या आईची.

शेवटी ते म्हणाले, "तांदूर." मुलीने सांगितलं, "तांदूळ." बाई म्हणाली, "कोणता?" आणि काकाजी पुन्हा गप्प.

येताना त्यांनी रोकफोर आणलं. ते मेंढीच्या दुधाचं, आत निळी बुरशी असलेलं चीज. ते फक्त रोकफोर गावच्या गुहांतच मुरायला हवं, असा 1925 सालचा कायदा आहे. एवढा जुना कायदा म्हटल्यावर काकाजींना राहवणं शक्यच नव्हतं. काकूजींच्या दोन पातळांत गुंडाळून ते नागपूरपर्यंत विमानाने नीट आलं. पण पुढे गणेशपेठच्या स्टँडवरून एस.टी., मे महिना, दुपारची दीड. टॅक्सीचे पैसे मिरचीत गेले होते.

मौद्याच्या आत गाडीत कुजबुज सुरू झाली. कंडक्टरने सीटखाली उंदीर शोधला. खिडक्या उघडल्या तर लू आत आली आणि वासाला हातपाय फुटले. भंडाऱ्याला एक बाई सुकटीची टोपली घेऊन चढली, आणि सगळ्या गाडीने सुटकेचा निःश्वास टाकून तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने दोनदा नाक ओढलं, टोपलीवरचं फडकं उचलून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "हे सुकट आहे जी. इचा वास मले मालूम आहे. हा वास सुकटीच्या सात पिढ्यांत आला नाही." वैनगंगेचा पूल येईपर्यंत काकाजींच्या आजूबाजूच्या सहा सीटा रिकाम्या झाल्या होत्या. ते पिशवी मांडीवर घेऊन साकोलीपर्यंत शांतपणे बसून राहिले. मला नंतर म्हणाले, "बसायले मस्त जागा भेटली."

घरी काकूजींनी पुडकं सोडलं. "अवो, याले बुरशी लागली."

"बुरशीचेच पैसे देल्लो ना."

"आपल्या भाकरीले बुरशी लागते तं आपन गाईले घालतो."

"ही बी भाकरीवरच वाढवतेत," काकाजी उत्साहाने म्हणाले. आणि ते खरं आहे. त्या गुहांत भाकरीसारखा पाव ठेवून त्यावरच ही बुरशी धरत आले आहेत. काकूजींनी तुकडा तोडून गाईपुढे धरला. गाईने तो हुंगला, काकाजींकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. वहीत मात्र 'असल' लिहिलेलं आहे.

पण तो "कोणता?" त्यांच्या डोक्यातून जाईना. सकाळी वही घेऊन ते बांध्याबांध्यांनी फिरू लागले. चिन्नोर म्हणून सुगंधी तांदूळ आमच्याच भागातला. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये जी.आय. मिळालं, भंडाऱ्याच्याला त्यानंतर. ही मागून मिळाल्याची गोष्ट काकाजी मनाला लावून घेऊन होते. पण असल चिन्नोर कोणी दाखवेना. तो भारी धान, उशिरा निघतो, उंच वाढून वाऱ्यात लोळतो, एकरी उतारा कमी. शेतकरी म्हणत, "विकायले हलका लावतो जी. चिन्नोर थोडासाक, घरच्यापुरता." घरच्यापुरता म्हणजे विकत नाही, आणि विकत नाही ते काकाजींच्या वहीत कसं यायचं? महिनाभर ते साकोली ते लाखांदूर असे मोटारसायकलवर फिरले. संध्याकाळी दमून घरी आले की जेवत आणि झोपत.

एका रात्री ताटावर बसून ते म्हणाले, "या भाताचा वास तं..."

"चिन्नोर आहे," काकूजी म्हणाल्या. "माहेरून येते. चाळीस वर्षं होऊन राहिले खाऊन."

काकाजींनी घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुलूझला पाठवायला पाच किलोची पिशवी भरली आणि वरच्या चिठ्ठीवर 'असल चिन्नोर, साकोली' असं लिहिलं. मग नियम आठवला. तांदूळ साकोलीचा नाही, काकूजींच्या माहेरचा, लाखांदूर तालुक्यातला. आणि विकतही घेतलेला नाही. चिठ्ठी फाडून ते मोटारसायकल काढून सासुरवाडीला गेले.

संध्याकाळी काकूजींना भावाचा फोन आला. तो बाहेर येऊन हळू आवाजात बोलत होता. "ताई, जवाईबापू आले आहेत. पाच पायली तांदळाचे पैसे मोजून खाटेवर ठेवले, आन् बिल मागून राहिले. मी हातपाय जोडलो, तरी ऐकत नाहीत. तुमचं घरी काही बिनसलं का?"