अपडेटभाऊ

तळा गावात नवी वस्तू येते ती इंदापूरच्या फाट्यावरून. मुंबई-गोवा महामार्ग सोडून गाडी आत वळते, तळगड समोर येतो, आणि खोकं कोणाच्या दारात उतरणार हे रिक्षावाल्याला पत्ता न वाचताच कळतं. अपडेटभाऊच्या. त्याचं पाळण्यातलं नाव आता फक्त रेशनकार्डावर आणि विजेच्या बिलावर उरलं आहे. असा एक भाऊ म्हसळ्यात असतो, एक माणगावात, एक रोह्यात. तुमच्याही आळीत असणार. आमच्या वाट्याला आलेला तळ्याचा आहे, एवढंच.

वय पंचेचाळिशीचं, पोट बेताचं, पाठीवर कायम एक बॅग. बॅगेत तीन चार्जर, दोन पॉवर बँका, वायरींचा गुंता आणि एक असं यंत्र, ज्याचं काम त्यालाही धड सांगता येत नाही. पण "असावं जवळ".

त्याचा दिवस मनगटावर उगवतो. काल झोप बासष्ट टक्के झाली, असं घड्याळ सांगतं. हे वाचेपर्यंत तो ताजातवाना असतो. वाचलं की जांभया द्यायला लागतो. "अहो, रात्रभर घोरणं मी ऐकलंय, मला विचारा ना," असं वहिनी चहाचा कप आदळत म्हणतात. पण वहिनींच्या माहितीचा आलेख निघत नाही, म्हणून ती ग्राह्य धरली जात नाही. मग दिवसभर दहा हजार पावलांचा पाठलाग. हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवण्यासाठी पुढे आला, कुठल्या वैद्याने नाडी बघून सांगितलेला नव्हे, हे भाऊला ठाऊक आहे. तरी रात्री आठशे पावलं कमी पडली की तो अंगणात गरागरा फिरतो आणि आळीतली कुत्री जागी होतात. एकदा घड्याळ मुलाच्या मनगटाला बांधून त्याने त्याला क्रिकेटला धाडलं. त्या दिवशी भाऊ ओटीवर बसून चौदा हजार पावलं चालला, आणि संध्याकाळी स्वतःच्या हृदयाचे ठोके बघून स्वतःच घाबरला.

ही लागण जुनी आहे. गावात रेंज नीट यायच्या आधी त्याच्या पट्ट्याला मोबाइल लटकत होता. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते २००३ साली. गडाच्या चढणीवर एका ठिकाणी रेंजची एक काडी मिळे. भाऊ तिथे जाऊन उभा राही, फोन आला की "पैसे पडतायत, घरच्या फोनवर कर" एवढं ओरडून सांगे आणि धापा टाकत उतरून लँडलाइन गाठे. आज गावातली पोरं चालता चालता व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा तो त्यांच्याकडे स्वातंत्र्यसैनिकासारखा बघतो.

पुढे घर हुशार करायचं ठरलं. पडवीतले, माजघरातले दिवे तोंडी हुकमावर लागतील अशी व्यवस्था झाली. आईने "दिवा लाव गो" म्हटलं की हुकूम ऐकायला ठेवलेला बोलका डबा पनवेलचं हवामान सांगतो. आई शांतपणे उठून भिंतीवरचं बटण दाबते. हल्ली बटणांवर भाऊने 'हात लावू नये' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, कारण भिंतीवरचं बटण बंद झालं की हुशार दिवा ठार मठ्ठ होतो. त्यामुळे घरात रात्री पाणी प्यायला उठणारा माणूस आधी डब्याची विनवणी करतो, मग अंधारात चाचपडतो, शेवटी मोबाइलची बॅटरी लावतो.

गणपतीत या डब्याची कसोटी लागली. मुंबईचे चाकरमानी आले, त्यांनी पायावर पाणी घेता घेता वायफायचा पासवर्ड मागितला आणि मग देवाला हात जोडले. आरती रंगात आली. दोन आरत्यांच्या मधल्या शांततेत कोपऱ्यातून बाईचा गोड आवाज आला, "माफ कीजिए, मैं समझी नहीं." सगळे गप्प. आईच तेवढी म्हणाली, "एवढी वर्षं म्हणतोय, आम्हाला तरी कुठे सगळी समजलीये? तू टाळ्या वाजव."

सिनेमा हा त्याचा दुसरा आजार. त्याला गोष्ट सांगू नका, कितीच्या रेझोल्यूशनचा ते सांगा. नायिका मरत असताना तो काळ्या रंगाची खोली बघतो. नायिकेच्या साडीचा नाही, पडद्याचा काळा. घरात प्रोजेक्टर आला, चारी कोपऱ्यांत स्पीकर बसले. डॉल्बी बसवलाय म्हटल्यावर शेजारचे काका "वरात कधी?" म्हणून विचारून गेले. भाऊने त्यांना बसवून ॲटमॉस समजावलं: २०१२मध्ये निघालेलं हे तंत्र आवाज डोक्यावरूनही आणतं, पडद्यावर पाऊस पडला की तो वरून पडल्यासारखा ऐकू येतो. काकांनी वर पत्र्याकडे बघितलं. जुलै महिना होता. पडद्यावर माणसं भांडत होती का प्रेम करत होती, हे पत्र्यावरच्या आवाजात कोणालाच कळत नव्हतं. "आमच्याकडे हे जून ते सप्टेंबर फुकट असतं," काका म्हणाले, आणि छत्री शोधायला लागले.

भविष्यकाळावरचे इंग्रजी सिनेमे त्याला तारखांसकट पाठ. 'ब्लेड रनर' निघाला १९८२ साली आणि त्यात दाखवलं होतं २०१९ सालचं लॉस एंजेलिस, आकाशात मोटारी उडतायत. 'बॅक टू द फ्यूचर'चा दुसरा भाग १९८९चा, त्यातली मंडळी येतात २१ ऑक्टोबर २०१५ला, तिथेही उडत्या मोटारी आणि रस्त्यांची गरज संपलेली. भाऊने ती तारीख मुद्दाम साजरी केली, महामार्गावर गाडी काढून. पळस्पे ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं होतं आणि २०१५मध्येही ते चालूच होतं. "बघा," तो स्टिअरिंग गच्च धरून म्हणाला, "सिनेमावाल्यांचं अर्धं खरं ठरलं. रस्ता गेलाय. मोटार उडायची तेवढी बाकी आहे." पुढच्याच खड्ड्याला तीही उडाली.

आता त्याच्याकडे विजेची मोटार आहे. ती घेतल्यापासून त्याचं बोलणं टक्क्यांत चालतं. माणगाव म्हणजे किती किलोमीटर हे तो सांगत नाही, किती टक्के ते सांगतो. कागदावर गाडी एका चार्जमध्ये तीनशेच्या वर जाते. हा आकडा वाहन-चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून ठरतो. रोलरवर खड्डा नसतो, म्हैस आडवी येत नाही आणि मागच्या सीटवर "एसी लाव" म्हणणारी सासू नसते. त्यामुळे पनवेलला सिनेमा बघायला निघालेलं कुटुंब भर मे महिन्यात काचा खाली करून, घाम पुसत, टक्के मोजत जातं. मल्टिप्लेक्सच्या थंडगार अंधारात वहिनी पहिल्या दहा मिनिटांत झोपतात. सिनेमा कसाही असो, गारव्याचे पैसे वसूल होतात. भाऊही सिनेमा पुरा बघत नाही. मध्यंतरात तो तळघरात जाऊन गाडी चार्ज होतेय का ते पाहून येतो.

त्याचा खरा आवडता रस्ता ताम्हिणीचा. पुण्याला चढताना बॅटरी भराभर उतरते आणि भाऊचा चेहरा तिच्याबरोबर. येताना मात्र उतारावर मोटरच जनित्राचं काम करते आणि बॅटरी भरू लागते. धबधबे, दरी, ढग यांच्याकडे सगळा महाराष्ट्र बघत असतो; भाऊ डॅशबोर्डवर चढणारा टक्का बघतो. माणगावला उतरेपर्यंत त्याला असं वाटायला लागतं की पुण्याला जाऊन आपण काहीतरी कमावून आलो. पुण्याला जाऊन आलेल्या फार थोड्यांना असं वाटतं.

ड्रोनची कथा मात्र गावात अजून सांगितली जाते. २०२१च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो हौसेने उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही, हे त्याने आळीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं. मग स्वारी तळगडावर. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले तेव्हा महाराजांनी जे बारा राखले, त्यातला हा गड. ड्रोन वर गेला, तटाला वळसा घातला, पडद्यावर हिरवीगार दरी दिसायला लागली. तेवढ्यात एका घारीने येऊन दोन झपाट्यांत विषय संपवला. शेवटच्या चित्रीकरणात आकाश, करवंदीची जाळी, आकाश, करवंदीची जाळी असं आलटून पालटून दिसतं. गड अजूनही राखलेला आहे, असं गावाचं मत पडलं.

अशा माणसांवर परदेशात विद्या झाली आहे. एव्हरेट रॉजर्स नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून दाखवलं की नवी वस्तू समाजात कशी पसरते. त्याच्या आधी १९४३मध्ये आयोवातल्या शेतकऱ्यांनी मक्याचं संकरित बियाणं कसकसं स्वीकारलं याचा अभ्यास झाला होता. म्हणजे हा विषय शेताच्या बांधावरच जन्मला. रॉजर्सच्या हिशेबात शंभरातले अडीच जण धाडसी, त्यांच्यामागून साडेतेरा जण हुशारीने येतात, मग बाकीचे, आणि शेवटचे सोळा लोक वस्तू जुनी झाल्यावरच तिला हात लावतात. आमच्या आळीत अडीचातले दोन म्हणजे भाऊच आणि उरलेला अर्धा त्याचा मुलगा. शेवटच्या सोळांत त्याची आई. एकाच घरात सगळा ग्रंथ नांदतो.

पण हसताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि म्हसळा, तळा, माणगाव, रोहा सगळीकडे कौलं, पत्रे, आंबे, सुपाऱ्या आडव्या झाल्या. विजेचे खांब मोडले, टॉवर मुके झाले, कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. भाऊच्या घरातली सगळी हुशारी एका दुपारीत संपली. दिवे ऐकेनात, डबा बोलेना. "आज शहाण्यासारखी गप्प आहे," आई म्हणाली, आणि माळ्यावरून नवऱ्याचा जुना ट्रान्झिस्टर काढून त्यात सेल घातले. आळीला बातम्या कळल्या त्या आकाशवाणीवरून.

तेव्हा विजेची गाडी यायची होती, जुनी पेट्रोलची होती. भाऊने ती अंगणात चालू ठेवली आणि बॅगेतले सगळे चार्जर, सगळ्या वायरी बाहेर काढल्या. त्या गुंत्याचा उपयोग काय, असं आजवर विचारणारे लोक रांगेत उभे राहिले. प्रत्येकाला अर्धा तास. नंबर लावायला त्याने कागदाची वही वापरली, हे विशेष. चार्ज झालेले फोन घेऊन पोरं महामार्गाच्या दिशेने रेंज शोधत गेली आणि मुंबईतल्या काळजीत पडलेल्या घरांना "आम्ही बरे आहोत" एवढं कळवून आली. पुढे पंचनामे सुरू झाले. भाऊ घराघरांत गेला. उडालेलं छप्पर, पडलेली भिंत, मोडलेली बाग. फोटोवर तारीख, वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश उमटतील अशी सोय त्याच्या फोनमध्ये होती. तलाठ्याला दाखवायला ज्यांच्याकडे फोटो निघेल असा स्वतःचा फोनही नव्हता, त्यांचं नुकसान त्याच्या फोनमध्ये नोंदलं गेलं. पासबुकावरचे पुसट आकडे झूम करून त्याने वाचून दिले. त्या महिन्याभरात त्याने कोणाला रेझोल्यूशन विचारलं नाही.

मोबाइल, डिश, डिजिटल पैसे, विजेची गाडी यांतलं काहीही गावात कंपनीच्या जाहिरातीने रुजलं नाही. भाऊने आधी पैसे घालवले, फसला, चडफडला, तासन्‌तास माहितीपुस्तिका वाचली, आणि त्याचं फसणं बघून बाकीच्यांनी शहाणपणाने खरेदी केली. त्याच्या खिशातून गेलेली ती रक्कम म्हणजे गावाची शिकवणी फी. ती कोणी त्याला परत दिलेली नाही, त्यानेही मागितलेली नाही. त्याची मागणी एकच असते: कोणीतरी यावं आणि विचारावं, "भाऊ, हे कसं चालतं?"

तेव्हा तुमच्या आळीतल्या भाऊला खुशाल हसा. तेवढा त्याचाही विमा उतरवलेला आहे. पण नवा फोन घ्यायचा असेल तर आधी त्यालाच विचारा. फक्त जाताना जेवून जा, घरी "उशीर होईल" म्हणून सांगून जा, आणि निघताना त्याचा पासवर्ड कोणाला सांगू नका. तो त्याने गावातल्या सगळ्यांना आधीच सांगितलेला आहे.