चार बोटं खाली

प्रत्येक सोसायटीत असे एक चिरंजीव असतात. हिंजवडीत नोकरी, पार्किंगमध्ये सेकंडहँड होंडा सिटी, हप्ते चालू. गाडीत खोट काही नसते. पण चिरंजीव संध्याकाळी तिच्यापुढे उकिडवे बसतात, टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत हात घालतात आणि सुस्कारा सोडतात. चार बोटं आरामात मावतात! आपल्या रस्त्यांची कीर्ती ऐकून कंपनीने गाडी मुद्दाम उंच ठेवलेली असते. चिरंजीवांना ती धोतर वर खोचून चिखलातून निघालेल्या माणसासारखी दिसते.

मग बाहेरच्या स्प्रिंगा मागवल्या जातात. ४० मिलिमीटरने गाडी बसवणाऱ्या, रंगाने लालभडक. घरात हा खर्च ‘सर्व्हिसिंग’ म्हणून सांगितला जातो. गॅरेजात शॉकअप खाली उतरतो, मेस्त्री स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी आकडे लावतो आणि एकदा या बोल्टला, एकदा त्या बोल्टला असा पाना फिरवत तिला दाबत नेतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडा घेऊन जाईल, म्हणून तो तिच्या तोंडासमोर उभा राहत नाही. व्हिडिओ काढायला चिरंजीव नेमके तिथेच उभे.

या पंथातही सोवळं-ओवळं आहे. मूळ स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापून गाडी खाली आणणाऱ्यांची सावलीही चिरंजीव अंगावर पडू देत नाहीत. कापलेली स्प्रिंग टणक होते, तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की ती जागची हलते, हे सगळं ते सांगतात आणि ते खरंही असतं. गाडीचं वजन जमिनीलगत आलं की ती वळणावर कमी झुकते, हेही खरं. रविवारी पहाटे लवासाच्या घाटात त्याचा पडताळाही येतो. अडचण फक्त उरलेल्या सहा दिवसांची, आणि घरापासून घाटापर्यंतच्या रस्त्याची.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि पाठीला छान गोलसर हवा. सिटीचं पोट मुळात जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर. ४० गेले, राहिले १२५. म्हणजे कागदावर गाडी सुखरूप पार. पण आपल्याकडचा स्पीडब्रेकर रातोरात उगवतो आणि त्याची उंची उरलेल्या डांबरावर ठरते. शिवाय मागच्या सीटवर आई, आत्या आणि आत्यांची बॅग.

इथे चिरंजीवांची तिरकी चाल सुरू होते. गाडी रस्त्यात जवळजवळ आडवी करायची, एक चाक चढवायचं, श्वास रोखायचा, मग दुसरं. मागे पीएमपीच्या बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. तरी खालून ‘खर्रर्र’ येतंच. चिरंजीव डोळे मिटून घेतात. चेंबर फुटला तर इंजिनाचं ऑइल रस्त्यावर! पुढच्या ब्रेकरला ते आर्जवाने म्हणतात, “आत्या, जरा उतरतेस?” आत्या उतरतात, चालत पलीकडे जातात, कोथिंबिरीची जुडी निवडतात, भाव पाडतात, सुटे पैसे घेतात. मग गाडी पोचते.

पत्ता विचारावा तर याच माणसाला. कुठल्या गल्लीतला ब्रेकर रबरी, कुठला सिमेंटचा, कुठला डाव्या कडेला झिजलाय, सगळं तोंडपाठ. महापालिकेकडेही इतकी बारीक नोंद नसेल.

एके दिवशी अलाइनमेंटवाला टायरवरून हात फिरवून म्हणतो, “आतून खाल्लाय.” गाडी खाली बसली की चाकं वरून आत कलतात, वर अलाइनमेंट हललेलं, बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतली कड गुळगुळीत. चिरंजीवांना हेही आधीपासून ठाऊक असतं. कायदाही ठाऊक असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं बजावलं आहे. म्हणूनच तर मूळ स्प्रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवल्या आहेत. आई दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी विचारते, “भंगारात घालू का रे?” आणि चिरंजीव ताडकन उठतात.

सध्या त्यांच्या डोक्यात एअर सस्पेन्शन घोळतंय. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, डिकीत कॉम्प्रेसर. बटण दाबलं की गाडी वर, ब्रेकर ओलांडला की पुन्हा खाली. किंमत अजून घरात फोडलेली नाही. पण जेवताना विषय निघालाच, तेव्हा बाबांनी आमटीचा भुरका मारून विचारलं, “अरे, माळ्यावरच्या लावल्यास तर फुकटात वर येईल ना?”

“बाबा,” चिरंजीव म्हणाले, “तुम्हाला सस्पेन्शनमधलं काही कळत नाही.”